थोरल्याच्या आधी

"हात सैल सोडा, ओराझकाका. कुस्तीला नाही निघालात."

पट्टा दुसऱ्यांदा आवळला, तरी पारा खाली यायचं नाव घेईना. गोर्गानच्या मैदानी मुलखातल्या आमच्या तुर्कमेन खेड्याचं आरोग्यघर मी एकटी सांभाळते. रक्तदाब, चरबी, रक्ताच्या गाठी, सगळ्यांवरची औषधं आता एकाच गोळीत येतात. ती घरोघरी द्यायची, रिकामी पाकिटं परत घ्यायची. काकांचं पाकीट नेहमी वेळेवर रिकामं. मी मेली गावभर त्यांचं उदाहरण द्यायचे!

"गोळी चुकते का?"

"घरातनं रोज एक जाते. रोटीची शपथ."

"जाते हो," चुलीपासून काकू कडाडल्या, "पण कुणाच्या पोटात, ते विचार की!"

काकांनी मान खाली घातली. त्यांचे थोरले भाऊ, अन्नाआगा, बायको गेल्यापासून इथंच राहतात. त्यांच्याही छातीत दुखतं, पण डॉक्टरचं नाव काढलं की भडकतात. म्हणून काका आपली गोळी ताकदीची म्हणून त्यांना चहाबरोबर देत होते.

"आणि तुम्ही?"

"आगाच्या आधी मी कधी घास घेतला नाही, पोरी. तो छाती चोळत बसलेला, आणि मी औषध गिळू?"

"अहो, मान जेवताना द्यावा! औषधात कसला आलाय थोरला-धाकटा?"

"तू शहरात शिकलीस. तुला नाही कळायचं."

"मंगळवारी डॉक्टर येतात. आगांना ओढून नेते. तोवर तुमची गोळी तुम्ही घ्या."

"बरं," म्हणाले. त्या 'बरं'चं मी काय करणार? कुणाच्या घशात हात घालता येतो?

मंगळवार उजाडायच्या आत काका गोठ्यात कोसळले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

डॉक्टरांनी आगांनाही तीच गोळी लिहून दिली. आता त्या घरी मी दोन पाकिटं देते. काल गेले, तर आगा उशाशी बसून रडत होते. "घे रे राजा. तुझीच आहे ही."

काकांचे ओठ घट्ट मिटलेले, नजर आगांच्या तोंडावर. काकूंना सगळं कळत होतं, पण थोरल्या दिरासमोर आमच्यात बाई बोलत नाही. तोंडाशी ओढणी धरून त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

शेवटी मीच म्हणाले, "आगा, आधी तुम्ही घ्या."

आगांनी आपली गोळी गिळली. मग आ वासून रिकामी जीभ धाकट्याला दाखवली.

तेव्हा काकांनी, जेवढं उघडता येत होतं तेवढं, तोंड उघडलं.