वाघोबांचा निरोप समारंभ

चाकणजवळच्या आमच्या ठाकरवाडीत कुठलाही निवाडा वाघोबासमोर बसूनच होतो. दुसरीकडे केलेला कुणी मानत नाही. वाघोबा म्हणजे शेंदूर लावलेली शिळा, तिच्यावर वाघ कोरलेला. ती हलवायची नसते, म्हणून गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी तिच्या चहूबाजूंनी बांधली गेली.

यंदा वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, वाडीच्या कारभाराची काठी खंडूबाबांकडून सुमनताईंकडे जायची होती. बाबांना आता दिसत नाही. त्या दिवशी काठी दिली नाही, तर वर्षभर वाडीला कारभारीच नाही.

कंपनीच्या गेटवरच्या समाधानने विचारलं, कोणाला भेटायचंय? वाघोबाला, आम्ही सांगितलं. कॉम्प्युटरात ते नाव नव्हतं, आणि ज्याला भेटायचं तो कामगार असल्याशिवाय पास निघत नाही. खिरीचं पातेलं धरून आम्ही बायका उभ्या. शेवटी ऑफिसातली वर्षाली आली. भली पोर. तिने वाघोबांना कामगार म्हणून भरून टाकलं; काम: राखण. वय विचारलं तर खंडूबाबा म्हणाले, माझ्या आज्याच्या आज्यानं बी त्याला असाच पाहिला. तिने अंदाजाने दोनशे लिहिलं. पास निघाले, पण अठ्ठावन्नच्या पुढचे म्हणून वाघोबा लगेच निवृत्तही झाले.

आम्ही पिवळी हेल्मेटं घालून शिळेभोवती बसलो. खीर ठेवली, काठी सुमनताईंच्या हातात गेली. तेवढ्यात मॅनेजर ज्ञानेशसाहेब शाल-श्रीफळ घेऊन आले. निवृत्त माणसाला मानाने घरी पोचवायची त्यांची पद्धत; बसही आणली होती. त्यांनी वाघोबांना शाल पांघरली, दोन शब्द बोलले आणि पत्ता विचारला. निवृत्त माणसाला आवारात राहता येत नाही, हेही हळूच सांगितलं.

नव्या कारभारणीपुढचा हा पहिलाच निवाडा. सुमनताईंनी एकेकाला विचारलं. म्हाताऱ्यांनी वाघोबाची शीव सांगितली: इकडे ओढा, तिकडे टेकडी, मधे उंबर. उंबर होता तिथे आता रंगाची शेड आहे. सगळ्यांचं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "त्याला घरी धाडायचं म्हणता ना साहेब? त्यो घरीच हाय. पाव्हणं तुमी. कवा निघताय?"

ज्ञानेशसाहेबांनी सवयीने डायरी उघडली. "मार्चपर्यंत चालेल का, ताई? ऑर्डरी पुऱ्या करायच्यात."

गावकी दबक्या आवाजात बोलत राहिली. कुणी म्हणालं, इतकी वर्षं राहिलेत, सामानही फार आहे. कुणी म्हणालं, सणाच्या तोंडावर पाहुण्याला उठवू नये, पाप लागतं. मलाही तसंच वाटत होतं.

"ऱ्हावा मार्चपातूर," सुमनताईंनी काठी टेकवली. "पर वढ्याकडची वाट मोकळी ठेवायची. वाघ त्याच वाटेनं पाण्यावर जातो."

साहेबांनी ते लिहून घेतलं, खिरीची वाटी तोंडाला लावली, आणि ओढ्याच्या अंगाला उभे असलेले तीन कंटेनर आधी हलवायला सांगितले.