मावशीच्या पानातली वाम

"ओढ्यात जरा शेणपाणी गेलं तर काय आभाळ कोसळलं?" मरे टुलकचा पारा सकाळपासूनच चढला होता. गोठ्यामागचं शेणाचं तळं पावसात फुटून ओढ्यात उतरलं आणि नदी-खात्याने त्याच्यावर खटला भरला. हरला तर डेअरी दूध घेणं बंद करणार. तीन पिढ्यांचा धंदा बसणार!

"आधी मध्यस्थीला तर जा," बायको ब्रॉन्विन म्हणाली. "आणि मोजे बघून घाल, तिथे बूट काढावे लागतात. भोकातनं अंगठा दाखवत भांडशील!"

बैठक ओढ्याकाठच्या, इथल्या मूळ रहिवासी माओरींच्या सभाघरात होती. खात्याच्या फिओनाबाई फाइल उघडू लागल्या, तसे मध्यस्थ डेस्मंड हसले. "बाई, इथे आधी नाकाला नाक लावून रामराम, मग जेवण, मग काम."

वाढायला खुद्द सभाघरातली सर्वांत थोरली मेरेआना मावशी. मरे लहानपणी बापाबरोबर इथे यायचा तो धुरावर भाजलेल्या, सापासारख्या लांब वाम माशासाठी. आज पानात दुकानातले सॉसेज!

"मावशी, वाम कुठाय? माझ्यावर रागावून लपवलीत की काय?"

मावशीचा हात थबकला. "लपवू कुठली रे बाळा? ओढ्यात राहिलीच नाही. पाहुण्याला आपल्या पाण्यातलं वाढायचं, ही आमची रीत. आज पहिल्यांदा विकतचं वाढलं. तुझ्या पानाकडे बघवत नाहीये मला."

अरेरे! घाण केली त्याने, आणि शरमत होती ती! मरेने हातातला घास खाली ठेवला.

"चुकलो मी, मावशी," तो कसाबसा म्हणाला.

"कोर्टात तुमच्यातलं कुणीतरी जिंकेल," डेस्मंड हळूच म्हणाले, "पण ओढ्याला काय मिळेल? त्याचं बोला."

मग बोलणं झालं. मरेने तळं पक्कं बांधायचं, काठाला कुंपण घालायचं, मावशीच्या माणसांनी झाडं लावायची. "काम पुरं झालं तर खटला मागे घेऊ," फिओनाबाई म्हणाल्या. "नाही झालं, तर मी आहेच!"

काम झालं, खटला मिटला. पुढे एका उन्हाळ्यात मावशीच्या जाळ्यात बोटाएवढी वाम आली. मरे ताट घेऊन हजर!

"सोडली मी तिला. मोठी होऊ दे," मावशी म्हणाली. "तू सॉसेज खा, गाढवा."

मंडळी, कायद्याचा धाक हवाच. पण ज्याचं पाणी आपण नासवलं, त्याच्या पंगतीला एकदा बसावं. दंड भरून माणूस सुटतो. चूक उमगली, की ती निस्तरायला तो स्वतःहून उठतो.