कठड्यावरची बिऱ्हाडं

नाकावर रुमाल धरून इंगुनने बाल्कनीतला ब्लाउज दोन बोटांनी उचलला. कालच धुऊन वाळत घातला होता. खांद्यापासून कोपरापर्यंत पांढरा, चिकट ओघळ, आणि त्याला कुजक्या माशांचा वास. तिने तो अंगापासून लांब धरला.

“शी शी शी! बोर्गहिल्ड, अगं हे बघ काय केलंय!”

“मला काय दाखवतेस? माझ्या चार चादरींची वाट लावलीय मेल्यांनी,” थोरली बहीण स्वयंपाकघरातून ओरडली. मग खिडकीतून मुंडकं बाहेर काढून कठड्यावरच्या घरट्यांकडे बघत तिने हात नाचवले. “हगऱ्यांनो! दुसरा धंदा नाही का तुम्हाला? मुडदा बशिवला तुमचा!”

कठड्यावरच्या क्रिक्ये जातीच्या समुद्रपक्ष्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यातल्या एका आईने चोच उघडली आणि अर्धा पचलेला मासा पिल्लाच्या घशात ओकला. इंगुनने तोंड फिरवलं.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर, ओलेसुंदला बहिणीकडे येऊन तिला आठवडा झाला होता. शहर छानच होतं, कोण नाही म्हणतंय? धक्क्यावर होडीतूनच घेतलेली उकडलेली कोळंबी, ताजा पाव, लिंबू. दुपारी गार पाण्यात पाय सोडून बसायचं. पण घरात पाऊल टाकलं की सगळ्यावर पाणी. पावाला वास, उशीला वास, कॉफीलाही तोच वास. उन्हाळ्यात इथे अंधार म्हणून पडत नाही, त्यामुळे पाखरांच्या कलकलाटालाही सुट्टी नाही. इंगुन पाद्र्याची विधवा. तिच्या तोंडी शिवी येत नसे. ती नुसती ‘शी’ म्हणायची, आणि ‘शी’ आता पुरत नव्हतं.

आणि तरी तिला इथेच राहायचं होतं, कायमचं. नवरा गेल्यापासून हामार गावातल्या आपल्या घरात ती एकटीचंच ताट मांडायची आणि रेडिओशी बोलायची. त्या घराला गिऱ्हाईक आलं होतं, सोमवारी त्याला हो की नाही ते सांगायचं होतं. बहिणीला मात्र तिने आल्या आल्या बजावलं होतं.

“एक तर ही पाखरं, नाही तर मी.”

“पाखरं आता जाणारच,” बोर्गहिल्ड म्हणाली होती. “सगळी बिल्डिंग कावलीय.”

ते खरंच होतं. त्याचसाठी आज संध्याकाळी अंगणात बैठक होती. पिल्लं मोठी होऊन सगळे पक्षी समुद्रावर गेले, की कठड्यांना जाळी लावून टाकायची; पुढच्या वर्षी परत आले तरी बसायला जागाच नको. अट एकच, सगळ्या घरमालकांचा होकार हवा. गेल्या वर्षी कोणा एकाने मोडता घातला होता.

“कोण तो शहाणा?” इंगुनने विचारलं होतं. बोर्गहिल्डने खांदे उडवले आणि साच्यातून वाफल काढलं.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या शेटिलने घसा खाकरला आणि हात वर करायला सांगितले. इंगुन पाहुणी, ती भिंतीशी खुर्ची घेऊन बसली होती. भराभर हात वर गेले. एकच हात खाली राहिला. त्या हातात कॉफीचा कप होता आणि तो बोर्गहिल्डचा होता.

“यंदाही?” शेटिलने कपाळाला हात लावला. “अहो, सगळ्यात जास्त बोंब तुम्हीच मारता!”

“मारते ना. मारणारच,” बोर्गहिल्ड म्हणाली आणि कॉफी प्यायली.

इंगुनची कानशिलं तापली. ती कुणाशी न बोलता जिना चढून वर आली. बहीण मागोमाग आली, तेव्हा ती कपाटातले कपडे बॅगेत कोंबत होती.

“मला सरळ सांगायचंस, येऊ नकोस म्हणून. त्या घाणेरड्या पाखरांच्या आड कशाला लपतेस?”

बोर्गहिल्ड पलंगाच्या कडेवर टेकली. चादरीची सुरकुती तिने हाताने पुन्हा पुन्हा सारखी केली.

“उन्हाळा सरला की जातात ती. एका सकाळी उठावं, तर कठडा रिकामा. मग वसंतापर्यंत मी ती खिडकी उघडतच नाही. उघडून बोलू कुणाशी?”

“मी असेन ना! मला घाल शिव्या.”

“तुला?” बोर्गहिल्ड हसली. “तू मनाला लावून घेतेस, लहानपणापासून. ती नाही घेत. मुडदा बशिवला म्हटलं, तरी वर्षाच्या वर्षाला परत येतात.”

 इंगुनला हामारचा रेडिओ आठवला. पण वास होता तो होताच. ती नाकावर रुमाल ठेवूनच झोपली.

सकाळी बॅग दाराशी तयार होती. निघण्याआधी एकदा बंदर बघावं म्हणून इंगुनने खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं. टाळूवर काहीतरी ऊन ऊन पडलं आणि कपाळावरून नाकाकडे ओघळलं. तिने ‘शी’ म्हणायला तोंड उघडलं.

“हगऱ्यांनो!”

खालच्या पाण्यात एक होडी चालली होती, तिच्यातल्या लोकांनी माना वर केल्या.

“निर्लज्ज मेले! मुडदा बशिवला तुमचा! तुमच्या सात पिढ्यांचा!”

पक्ष्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. इंगुनला जरा बरं वाटलं. श्वास घेऊन ती पुन्हा सुरू झाली.

तिच्या पाठीमागे बोर्गहिल्डने दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आवाज न करता परत खोलीत नेऊन ठेवली.