बहिरी फरशी

त्या शाळेत दोन भाषा शिकवल्या जात. एक हातांची आणि दुसरी फळ्यावर लिहायची. कानांची तिसरी भाषा तिथे कोणाला येत नव्हती आणि तिच्यावाचून कोणाचं अडतही नव्हतं. अडायचं ते बाहेरून येणाऱ्यांचं. आत पाऊल टाकलं की त्यांना वाटायचं, इथे मारामारी चाललीय. कारण मुलं एकमेकांना हाक मारायची ती पाय आपटून. जुन्या इमारतीला लाकडी जमीन होती. या टोकाला कोणी टाच आपटली की त्या टोकाच्या पोराच्या तळव्याला कळायचं आणि ते मान वळवून बघायचं.

शाळा वाढवायचं ठरलं तेव्हा काम मिळालं मुंगीच्या आईला. मुंगी याच शाळेतली, ऐकू न येणारी, अंगाने एवढीशी आणि हट्टाला भारी. आई आर्किटेक्ट. तिने जीव ओतून आराखडा केला, हे कबूल करायलाच हवं. चालता चालता हातांनी बोलता यावं म्हणून रुंद व्हरांडे, वळणावर कोणी कोणावर आदळू नये म्हणून गोल भिंती, प्रत्येक वर्गात लुकलुकणारा दिवा. सगळं डोळ्यांसाठी. आणि मग ऐकणारं माणूसच करू शकेल असा घोटाळा तिने करून ठेवला. बैठकीला आली की त्या धाडधाडीने तिचं डोकं उठायचं. जुन्या जमिनीला वाळवी लागल्याचं निमित्त मिळताच तिने ती उखडली, काँक्रीट ओतलं, त्यावर आवाज शोषणारं रबर घातलं आणि वर गुळगुळीत फरशी बसवली. आवाजाचा त्रास तिथे एकट्या तिलाच होता, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः जन्मापासून बहिऱ्या. त्यांनी हातांनी सांगितलं होतं, "जमीन राहू दे." मुंगीच्या आईने त्यांना दिवे दाखवले. बाईंनी दिवे बघितले आणि हात खाली घेतले. मुलं मात्र ऐकतात कसली. त्यांनी नव्या जमिनीचं नाव ठेवलं, बहिरी फरशी. मुंगीने ते घरी आईला सांगितलं तेव्हा आई मनापासून हसली.

आज उरलंसुरलं पाडायचं होतं. सभागृहामागची खोली आणि तिला लागून असलेलं लाकडी स्टेज. शाळेला सुट्टी, घरी कोणी नाही, म्हणून मुंगी आईबरोबर आली होती. सकाळीच दोघींचं वाजलं होतं.

"स्टेज ठेव," मुंगीने हातांनी सांगितलं.

"का?"

मुंगीचे हात भराभर चालू लागले. आईच्या पदरात निम्मंच पडलं. तिने नेहमीचं उत्तर दिलं, "नंतर बोलू." मुंगीने पाठ फिरवली. या भाषेत पाठ फिरवणं म्हणजे तोंडावर दार आपटणं, आणि आईला ते आता सवयीचं झालं होतं.

मशीनने मागच्या भिंतीला नुसता धक्का दिला तर भिंतीबरोबर खोलीचं छप्परही खाली आलं आणि अर्ध्या स्टेजवर बसलं. धूळ एवढी की शेजारचा माणूस दिसेना. ठेकेदाराने आपली माणसं बाहेर बोलावून मोजली. सगळी होती. त्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि तेवढ्यात आईला सभागृहाच्या दारापाशी मुंगीच्या चपला दिसल्या. नीट जोडून ठेवलेल्या.

"मॅडम, पुढे जाऊ नका," ठेकेदार तिचा दंड धरून म्हणाला. "उरलेलं कधी खाली येईल, सांगता येत नाही."

"माझी मुलगी आत आहे हो."

"मग हाक मारा. ओ दिली तर कुठून काढायचं ते तरी कळेल."

माणूस वाईट नव्हता. काय बोलून गेलो ते त्याला कळलं आणि त्याची मान खाली गेली.

तरी तिने हाक मारली. घसा फुटेपर्यंत मारली. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं, पण आईचं तोंड गप्प कसं राहणार? विजेरी मारली तर उजेड धुळीतच अडकला. दिवे लावावेत तर पाडकामासाठी वीज तिनेच तोडायला लावलेली. मग तिला पाय आठवले. सभागृहाच्या नव्या फरशीवर तिने टाच आपटली, पुन्हा आपटली, पोटऱ्या भरून येईस्तोवर आपटली. रबर चांगल्या प्रतीचं होतं. तिनेच निवडून घेतलं होतं. टाचेचा धक्का जागच्या जागी जिरत होता, आणि ती स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होती.

मोठ्या बाई शाळेमागेच राहायच्या. भिंत पडल्याचा हादरा त्यांना पायातून कळला होता. त्या धावत आल्या, चपला बघितल्या आणि त्यांना उलगडा झाला. "स्टेजखाली," त्यांनी खूण केली. "मुलं तिथे पाठीवर पडून राहतात. वर कोणी नाचलं की सगळं अंगाला कळतं."

स्टेजखाली शिरायचं दार मागच्या खोलीत होतं, आणि खोलीचा आता ढिगारा झाला होता. फळ्या वरून काढाव्यात तर ठेकेदार नाही म्हणाला. चुकीच्या जागी हात घातला तर छपराचं वजन थेट आत जाईल. पोर कुठल्या टोकाला आहे ते कळल्याशिवाय पहारही लावता येत नव्हती.

बाईंनी आईला स्टेजच्या उघड्या कोपऱ्यावर ओढलं. "तिचं नाव आपट."

"नाव?"

"पायाचं नाव. प्रत्येकाचं असतं."

आईला ते ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती त्याला गोंगाट म्हणत आली होती. तिने नकारार्थी मान हलवली तेव्हा बाईंनी रागावायलाही वेळ घालवला नाही. त्यांनीच आपटून दाखवलं. तीन हलके, भराभर, आणि शेवटी एक दणका. मग त्या पालथ्या पडल्या आणि गाल फळीला टेकवला.

काही नाही. पुन्हा आपटलं. काही नाही. आईने देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाही आठवणार नाही. मुंगी नाही तर आपण नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी आईचा तळहात फळीवर दाबून धरला. आधी तिला स्वतःचीच नाडी लागली. मग खालून, अगदी पुसट, दोन ठोके आले. संथ. मध्ये थांबून पुन्हा दोन.

"हे तिचं नाव नाही," आईने खुणेने सांगितलं.

"नाही. तुझं आहे."

"माझं?"

"तिनेच ठेवलंय. तू व्हरांड्यातून यायचीस ती टाच टेकवत, सावकाश. तू दिसायच्या आधी तिला कळायचं, आई आली. फरशी बदलल्यापासून ती शाळा सुटताना दाराकडे डोळे लावून बसते."

एवढं सांगून बाई फळ्यांवर हात फिरवत सरपटत गेल्या आणि डाव्या टोकाला थांबल्या. इथे. ठेकेदाराच्या माणसांनी छपराला टेकू दिले आणि पहार घातली. बाईंनी वळून आईला बजावलं, "तू आपटत राहा. थांबलीस तर तिला वाटेल, निघून गेली."

ती आपटत राहिली. तीन हलके, एक दणका. कधी चुकत होतं, कधी जमत होतं. खालचे ठोके विरळ होत गेले. मधल्या एका वेळी आलेच नाहीत, तेव्हा ती रडत रडत आपटत होती.

दोन फळ्या निघाल्या आणि फटीतून हात वर आला. धुळीने पांढरा, बोटं सोललेली. आईने झेप घेऊन तो धरला, गालाशी लावला. तर त्या हाताने स्वतःला सोडवून घेतलं आणि हवेत, दिसेल इतकं सावकाश सांगितलं, "पाय अडकलाय. थांबू नकोस."

आई उठून उभी राहिली आणि मुलीचं नाव पहिल्यापासून आपटू लागली.