पल्लवीची ओंजळ

शनिवारची दुपार. ओट्यावर पोरं पाहुणे-पाहुणे खेळत होती आणि अनुश्री खांबाला टेकून मजेत बघत होती. कॉलेजात सेवा योजनेचे तास भरायचे म्हणून तिनं घरच्याच ओट्यावर हा वाचनाचा वर्ग काढला होता. तास केव्हाच भरले, प्रमाणपत्रही मिळालं. पण आता शनिवारी पोरांचा गलका झाला नाही, तर तिलाच करमत नसे. वडील राधाकृष्णपंत सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या या गावात देवळाची पूजा करतात. पुजाऱ्याच्या ओट्यावर सगळ्या जातीची लेकरं मांडीला मांडी लावून बसतात, याचा तिला कोण अभिमान!

खेळातली यजमानीण होती तिची भाची गुंजन. करवंटीचा पेला करून ती पाहुण्यांना लटकं पाणी देत होती. "घ्या हो, उन्हातून आलात." पुष्करनं घेतलं, छोट्या सेवानं घेतलं. पल्लवीपाशी आल्यावर मात्र गुंजननं करवंटी मागं ओढली.

"तू ओंजळ धर."

आणि पल्लवीनं धरली! रुसली नाही, काही विचारलंही नाही. गुंजननं वीतभर वरून नसलेलं पाणी ओतलं, पल्लवी मान खाली घालून ते प्याली, हात फ्रॉकला पुसले. खेळ पुढं चालू.

अनुश्री खांब सोडून पुढं आली.

"गुंजन, तिला असं काहून दिलं गं?"

"आजी तसंच देती ना, आत्या! तू आत गेली की." गुंजनला प्रश्नच खुळचट वाटला. "ती बौद्धवाड्यातली हाय."

शी! सकाळी सोवळ्यात नैवेद्य दाखवणारा हात दुपारी तहानलेल्या लेकराला पेला देताना विटाळतो. आणि ही किळसवाणी शिकवण पोरीनं बाराखडीच्या आधी पाठ केलेली!

अनुश्री तडक आत गेली. सुधाबाई वाती वळत होत्या.

"आई, तू पल्लवीला वरून पाणी ओततेस?"

"हळू बोल. पाणी देते ना? कधी नाही म्हटलंय का? आपण ओट्यावर तरी बसू देतो, दुसऱ्या कुणाच्या घरी बसू देतील का? आणि तिची कुठं तक्रार आहे? इतकं गुणी लेकरू, आपणहून हात पुढं करतं."

गुणी! तो शब्द ऐकून अनुश्रीला आईकडं बघवेना.

"आत्ता बाहेर चल आणि तिला पेल्यात पाणी दे. सगळ्यांसमोर."

"तो पेला मग देवाच्या स्वयंपाकाला चालायचा नाही," सुधाबाई वाती वळणं न थांबवता म्हणाल्या.

तिथंच बसलेल्या राधाकृष्णपंतांनी पेपर खाली ठेवला. "अनु, बोभाटा नको. पूजा आपल्याकडं आहे. चालतंय तसं चालू दे, नाहीतर वर्ग बंद कर. लोकांना सांग, परीक्षा आलीय म्हणून."

वा रे पंत! घरातली घाण झाकायला लेकीची परीक्षा बरी सापडली.

दिवस कलला होता. लेकरांना न्यायला आया ओट्याखाली जमल्या होत्या. पल्लवीची आई चांगुणा जरा बाजूला उभी होती. अनुश्री पायरीवर आली.

"इथला वर्ग आजपासून बंद. परीक्षा-बिरीक्षा काही नाही. आमच्या घरात पल्लवीला ओंजळीत वरून पाणी देतात, आणि मला इतके दिवस दिसलं नाही. चांगुणाताई, मला माफ करा."

"मला ठाव हाय, बाई," चांगुणा म्हणाली. "म्याच शिकवून धाडलं तिला. म्हणलं, पेल्याला हात लावू नको, न्हाईतर वर्ग तुटंल. वाचाया लागून राहिली व्हती ना पोरगी."

अनुश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका आईनं लेकीला वाचता यावं म्हणून तिला वाकायला शिकवलं होतं!

"तुमच्या अंगणात वर्ग घेऊ का?"

"घ्या की. सारवून ठेवते."

दारातून सुधाबाई कडाडल्या, "अनु! तिथं पाणी प्यालीस तर माझ्या चुलीपाशी येऊ नकोस!"

"नाही येणार," अनुश्री म्हणाली. आईला इतकं तोडून ती कधीच बोलली नव्हती. मग तिनं खाली बसून पल्लवीचे दोन्ही हात हातात घेतले. "यापुढं कुणीही ओंजळ धर म्हटलं, तर धरायची नाही. कुणीही म्हटलं तरी."

पल्लवीनं जरा विचार केला.

"मंग तहान लागल्यावर, ताई?"

अनुश्रीनं मान वर केली. पेल्यात पाणी कुणाच्या घरी मिळणार, याचं उत्तर ओट्याखालच्या बाकीच्या आयांकडं होतं. त्या आपापल्या लेकरांची बखोटी धरून घराकडं निघाल्या होत्या.