जास्तीच्या दोन काचा

"संपली वडी," वहिनी म्हणाली. "आता नुसतं मेण उरलंय, मॅडम."

मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर. वहिनी तिथली तंत्रज्ञ आणि मी, तिची नणंद, तिथे रिपोर्ट टाइप करणारी. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे आणि काचेवर चढवायचे, हे वहिनीचं एकतीस वर्षांचं काम. दादा घरी म्हणतो, "एवढे पातळ काप काढणारी बाई, आणि कांदा चिरते तो बोटाएवढा." वहिनी म्हणते, "ऑफिसचं काम मी घरी आणत नाही."

त्या दिवशीचा तुकडा मेंदूतला होता, जेमतेम तिळाएवढा. माणूस सुतार, चाळिशीचा. उजवा हात लुळा पडला होता. मॅडमना आणखी दोन तपासण्या हव्या होत्या आणि वडीत तुकडाच शिल्लक नव्हता.

"मग डोकं पुन्हा उघडायला सांगावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर गाठ म्हणून सही करायची. सोमवारी किरणोपचार सुरू करतायत ते."

"पण गाठच दिसतेय ना?" मी विचारलं. नको तिथे नाक खुपसायची मला खोडच आहे.

मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. "हे फांद्या फुटल्यासारखं दिसतंय ना, त्या निरोप नेणाऱ्या पेशी नाहीत. त्या आधार देणाऱ्या. मेंदूत यांची वस्ती मोठी असते. कोणी निरोप्यांना खाऊपिऊ घालतं, कोणी केरकचरा काढतं, कोणी निरोपाच्या तारेवर वेष्टण चढवतं. इथे त्यांची गर्दी झालीय. आता ही गर्दी म्हणजेच गाठ, की काही दुखावलं म्हणून या मदतीला धावून आल्यात? वेष्टण गेलं असेल आणि तार शाबूत असेल, तर औषधाने माणूस सुधारेल. ते बघायला दोन काप हवेत, आणि तेच नाहीत."

वहिनी उठली. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तिने एक चपटा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातल्या दोन काचा मॅडमपुढे ठेवल्या. काचांवर त्याच सुताराचा नंबर होता.

"मी दोन जास्तीचे काढून ठेवते," ती म्हणाली. "दर वेळी."

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं. मीही पाहिलं. सांगितल्यापेक्षा एकही काप जास्त काढू नये, असा आमच्या मुख्य डॉक्टरांच्या, म्हणजे सरांच्या, सहीचा कागद सहा महिन्यांपासून तिथे चिकटवलेला होता. तो मीच टाइप केला होता.

"वाचलाय मी तो," वहिनी म्हणाली. "सरांना सांगा हवं तर. पण आधी रंग देऊ दे."

या सवयीचं मूळ घरात फक्त मला माहीत आहे. बावीस वर्षांपूर्वी वडी सपाट करताना तिच्या हातून यंत्राचं चाक दोन फेरे जास्त फिरलं आणि तुकड्याचा भुगा झाला. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं डोकं पुन्हा उघडावं लागलं. तिला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती एकदा म्हणाली होती.

वेष्टण निळं दाखवणाऱ्या रंगातली काच तिने संध्याकाळी मंद आचेच्या भट्टीत रात्रभर ठेवली. तारांसाठी चांदीचा रंग लागतो, तो सकाळी. तो हाताने द्यायला आमच्याकडे तिच्याशिवाय कोणाला येत नाही. नळाच्या पाण्याचा थेंब लागला तरी सगळं काळं होतं, आणि काच एकच होती. सकाळी वहिनीने चहासुद्धा घेतला नाही. द्रावणात काच बुडवून ती टक लावून बघत राहिली. मी घड्याळ सांगायला लागले तर म्हणाली, "गप्प बस जरा. घड्याळाला काय कळतंय त्यातलं."

काच पिवळीधमक झाली, मग तपकिरी. पुढच्याच क्षणी तिने ती उचलली.

मॅडमनी आधी निळी काच पाहिली. मधोमध निळा रंग कुठेच नव्हता. मग चांदीची. बराच वेळ त्या मान वर करेनात.

"तारा आहेत," त्या म्हणाल्या. "वेष्टण गेलंय, पण तारा सगळ्या जागेवर आहेत. गाठ नाही ही." आणि फोनकडे गेल्या.

वहिनी रंगाच्या बशा विसळायला लागली. मला तिचा फार अभिमान वाटला. पण मी म्हटलं काय, तर, "चहा सांगू का?" त्याची चुटपुट मला अजून आहे.

रिपोर्ट मीच टाइप केला. खाली सहीच्या जागा दोन, दोन्ही डॉक्टरांच्या. काप कोणी काढले याला आमच्या रिपोर्टात रकानाच नाही.

बाहेरच्या एका डॉक्टरांना दाखवायला घरच्यांनी काचा नेल्या तेव्हा माझ्या रजिस्टरात सुताराच्या बायकोने सही केली होती. तो शेजारी उभा होता, उजवा हात डाव्याने धरून. पाच महिन्यांनी काचा परत करायला तो एकटाच आला. मी पेन पुढे केलं. त्याने ते उजव्या हातात घेतलं, बोटांत नीट बसवलं आणि रकान्याबाहेर जाणारी लांबलचक सही केली.

तो गेल्यावर मी रजिस्टर घेऊन थेट वहिनीच्या यंत्रापाशी गेले. "सही बघ."

"वाकडी आहे," ती म्हणाली. मग कोणाची ते वाचलं. "कोणत्या हाताने केली?"

"उजव्या."

तिने मेणाची बोटं पुसली आणि त्या अक्षरांवरून एकदा फिरवली. मग नवी वडी यंत्रावर चढवली, सांगितले होते तेवढे काप काढले, आणि वर दोन. तो डबा आता कपाटात नसतो. सरांच्या कागदाच्या बरोब्बर खाली, टेबलावर असतो.