घरचे शेवटी

"अहो बाई, उठा तिथून! ते गटार आहे!"

ताईंनी ओरडून सांगितलं, तरी समोरची ती टीव्हीची वार्ताहर मुलगी उठली नाही. गटारात गुडघे टेकून, पाणी कमरेपर्यंत आल्याचं दाखवत ती कॅमेऱ्यापुढे किंचाळत होती, "समुद्र वस्तीत घुसलाय! महासंकट दारात!" समुद्र अजून धक्क्याच्या पलीकडेच होता. तिच्या मागून एक आजोबा चपलासुद्धा न भिजवता संथपणे चालत गेले, आणि तेही घराघरांत दिसलं.

"हे बघा टीव्हीवाल्यांचं वादळ!" लोक हसले. उचललेली बोचकी पुन्हा खाली ठेवली गेली.

गेल्या खेपेलाही असाच गलका झाला होता. वादळ भलतीकडेच वळलं, आणि शाळेत मुक्काम करून परतलेल्यांना दारांची कुलपं फुटलेली दिसली. तेव्हापासून वस्तीला वादळापेक्षा चोरांचं भय जास्त.

ताई पोटासाठी शिवणकाम करायच्या आणि वस्तीच्या प्रमुख होत्या. त्यांच्याआधी वडील प्रमुख होते. त्यांनी एक शिस्त घालून दिली होती: संकटात परक्याचं दार आधी, घरचे शेवटी. आपल्याच माणसांची सोय बघितली, असं म्हणायला कुणाला जागा नको. देवाघरी हिशेब द्यायचा, तर तो असा स्वच्छ द्यावा. ताई त्या शब्दाबाहेर कधी गेल्या नव्हत्या. आजही परक्यांच्या दारापासून सुरुवात करून त्या एकेकाला शाळेकडे जाणाऱ्या बसमध्ये चढवत होत्या.

"ताई, माझ्या कोंबड्या?"

"पोत्यात घाल."

"गुदमरतील हो!"

"मग मांडीवर घेऊन बस, बाई, पण बसमध्ये चढ!"

कुणाला हात जोडले, कुणाला दटावलं, एका म्हाताऱ्याला तर खुर्चीसकट उचलून आणवलं. बस शाळेपर्यंत जाऊन रिकामी परत येत होती. वारा असा सुटला होता की बोललेलं तोंडातच परतावं.

ताईंचा थोरला भाऊ, दादा, धाकट्या बहिणीची वाट बघत धक्क्याजवळच्या आपल्या घरी बसला होता. वहिनीला त्याने आधीच्या फेरीत पाठवलं होतं. "तू हो पुढे. मी बाळीबरोबर येतो," म्हणाला होता. सगळ्या वस्तीच्या ताई त्याच्यासाठी अजून बाळीच होत्या.

शेवटच्या फेरीला ताई त्याच्या दारी पोचल्या, तर दारात कॅमेरा. दादा स्टुलावर ताठ बसलेला, समोर ती वार्ताहर.

"सगळे पळाले, आणि हा एकटा वीर इथे उभा आहे! आजोबा, भीती नाही वाटत?"

दादा जन्मभर दुसऱ्यांची फाटकी जाळी सांधत आला. वडिलांमागे प्रमुखपण धाकटीकडे गेलं, तेव्हाही 'तुला काय वाटतं?' असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, आणि सारं जग ऐकत होतं.

"भीती? मी नाही हलायचा! वादळाला म्हणावं, ये!"

ताईंनी त्याचा दंड धरला. "दादा, चल. तुझी पिशवी तर भरलेली आहे."

"आता कसा येऊ, बाळे? सगळ्यांदेखत बोललो मी." आवाज खाली आला. "शाळेत टीव्ही आहे ना? लोक हसतील."

"हसू देत. मी तुझ्या पाया पडते!"

बसचा भोंगा वाजत होता. आत म्हातारी माणसं, तापाने फणफणलेलं एक पोर. धक्क्यावरून पाणी रस्त्यावर येऊ लागलं होतं. ड्रायव्हर ओरडला, "ताई, आता नाही निघालो तर पूल जाईल!"

"जा तू," दादा म्हणाला. "मी पुढच्या फेरीला येतो."

पुढची फेरी नव्हती. दोघांनाही ते ठाऊक होतं. ताई बसच्या पायरीवर चढल्या, तेव्हा कॅमेरा त्यांच्याकडे वळला. दादाने हसून हात हलवला; बहिणीसाठी की कॅमेऱ्यासाठी, कोण जाणे.

धक्क्याकडच्या घरांची सगळी रांग गेली. वस्तीतला एकच माणूस गेला.

वारा पडल्यावर कॅमेरा धरणारा माणूस शाळेत आला. एकटाच. कॅमेरा आणला नव्हता. ताईंना व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेऊन तो मान खाली घालून म्हणाला, "आम्ही निघालो तेव्हा तुमच्या दादांनी विचारलं होतं, गाडीत जागा आहे का म्हणून. मागे सगळं सामान होतं. आमच्या बाई म्हणाल्या, दुसरी गाडी येतेय."

वडिलांची शिस्त पाळून ताई सगळ्यांत शेवटी त्याच्याकडे गेल्या होत्या. आधी गेल्या असत्या, तर दारात कॅमेरा नसता.

"माझ्या वहिनीला हे सांगू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

आत वहिनी भिंतीला टेकून बसली होती. "काय म्हणत होता तो?"

"म्हणाला, दादा अजिबात घाबरला नाही. कुणाला हाकसुद्धा मारली नाही त्याने."

वहिनीने ताईंचा हात धरला.

"मारली असेल गं," ती म्हणाली. "घरात झुरळ निघालं तरी मला हाक मारायचे."

ताई तिच्याजवळ सरकून बसल्या. दाराशी कुणीतरी विचारत होतं, "ताई, पाण्याचा टँकर आलाय, आधी कुणाला द्यायचं?" वहिनीने त्यांचा हात धरून ठेवला होता. ताई उठल्या नाहीत.